बातमी नक्की कोणापासून लपवली जाते?

एका शिक्षकांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मे २०२५ मध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कराची बंदर उडवल्याची बातमी फिरत होती. 'कुठून कळलं?' एवढंच मी विचारलं, तर मला देशद्रोही ठरवून झालं. युद्ध चालू असताना बोलण्याचं स्वातंत्र्य कुठवर असावं? सरकारनं काय लपवलेलं चालेल आणि काय नाही? आणि प्रचार ओळखायचा कसा?"

मी एकतीस वर्षं मराठी दैनिकांच्या वृत्तविभागात काढली, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीला. कारगिलच्या वेळी पहिलं पान लावायला मी बसायचो. तेव्हापासून एक कसोटी माझ्या कामाला येत आली आहे, ती आधी सांगतो. युद्धात एखादी गोष्ट छापायची की नाही असा पेच पडला की स्वतःला विचारायचं: ही गोष्ट शत्रूला आधीच माहीत आहे का? माहीत नसेल आणि कळली तर आपल्या माणसांचा जीव जाईल, अशी असेल तर ती दाबून ठेवायची, अगदी सरकारनं सांगितलं नाही तरी. पण शत्रूला ती पक्की माहीत असेल आणि तरीही छापू नका म्हणून दबाव येत असेल, तर ती आपल्याच लोकांपासून लपवली जात आहे. मग लपवण्याचं कारण सांगण्याची जबाबदारी लपवणाऱ्यावर जाते.

पहिल्या भागाबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. २६/११ आपण मुंबईत पाहिलं. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि ते दृश्य घराघरांत थेट दिसत होतं. पलीकडे बसलेले सूत्रधार तीच चॅनेलं बघून आत दडलेल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलावर ऑगस्ट २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं त्या संभाषणांचे उतारे समोर ठेवूनच वाहिन्यांना फटकारलं. असल्या प्रक्षेपणाचं समर्थन अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावानं करता येणार नाही, असं न्यायालय स्पष्ट म्हणालं. आज केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कारवाई कुठे, किती वाजता, किती माणसं, कोणत्या वाटेनं, यातलं काहीही तासाभरापूर्वी कळण्याचा हक्क वाचकाला नाही.

त्यात मी आणखी एक गोष्ट घालतो, कारण ती मला फार महागात पडली आहे. १९९९ च्या जूनमध्ये एका तालुक्याच्या वार्ताहराचा रात्री साडेअकराला फोन आला. त्याच्या भागातला एक जवान गेला, नाव, गाव, वय, सगळं पक्कं. लष्कराकडून दुजोरा नव्हता, पण वार्ताहर भरवशाचा होता आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सुटायला पंचवीस मिनिटं होती. मी बातमी घेतली, पहिल्या पानावर चौकटीत. बातमी खरी होती. मात्र त्या घरी तार पोचली नव्हती. पहिल्या एसटीनं पेपरचा गठ्ठा गावात उतरला, चहाच्या टपरीवर कुणीतरी पेपर उघडला, आणि घरच्यांना कळलं ते असं. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा ऑफिसात फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही एक दिवस थांबला असता तर त्याच्या आईला मी सांगितलं असतं." त्यानंतर घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय एकही नाव मी पानावर जाऊ दिलं नाही, स्पर्धेतल्या पेपरनं छापलं तरी. सांगण्याचा मुद्दा असा की काही गोष्टी रोखून धरण्याला माझा विरोध नाही. रोखण्याचं कारण माणसाचा जीव किंवा माणसाचं दुःख असावं, कुणाची खुर्ची नसावी.

आता दुसरा भाग, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

१९७१ घ्या. त्या डिसेंबरात मी नऊ वर्षांचा होतो, गिरगावातल्या चाळीत. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, आणि भोंगा वाजला की जिन्याखाली जाऊन बसायचं. पण प्रचाराबद्दल शिकायचं ते सीमेच्या पलीकडून, आणि एका माणसाकडून. अँथनी मास्करेन्हस त्यांचं नाव. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले, १९२८ मध्ये बेळगावात जन्मलेले, कराचीत वाढलेले आणि तिथल्या 'मॉर्निंग न्यूज' या इंग्रजी दैनिकात सहायक संपादक. आपल्या मातीतला माणूस, म्हणून त्यांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी असं मला नेहमी वाटत आलं आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ढाक्यात कारवाई सुरू केली. परदेशी पत्रकारांना इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात कोंडलं आणि मग विमानात घालून देशाबाहेर काढलं. सायमन ड्रिंग नावाचा एक तरुण ब्रिटिश बातमीदार मागे लपून राहिला, त्याचा वृत्तांत महिनाअखेरीला लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये आला. त्यावर तोड म्हणून एप्रिलमध्ये लष्करानं स्वतःच्या देशातल्या आठ पत्रकारांना पूर्वेकडे दहा दिवसांच्या दौऱ्यावर नेलं. सगळं सुरळीत आहे, थोड्या बंडखोरांचा बंदोबस्त झाला, असं त्यांनी परत येऊन लिहायचं होतं. सात जणांनी तसंच लिहिलं.

आठवे मास्करेन्हस. त्यांनी कोमिल्ला भागात लष्कराबरोबर राहून गावं जळताना पाहिली होती, हिंदूंना वेचून काढून मारताना पाहिलं होतं, आणि रात्री मेसमध्ये अधिकारी दिवसभराच्या हत्यांचे आकडे मोकळेपणी सांगताना ऐकले होते. जे पाहिलं ते लिहिता येत नसेल तर यापुढे एक ओळही लिहिता येणार नाही, असं ते घरी येऊन पत्नीला म्हणाले. पाकिस्तानात छापणं शक्य नव्हतं, प्रत्येक मजकूर लष्कराच्या हाताखालून जात होता. बहीण आजारी असल्याचं सांगून ते लंडनला गेले आणि 'संडे टाइम्स'चे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना भेटले. लेख छापायचा तर पत्नी आणि मुलं आधी कराचीबाहेर निघायला हवीत. म्हणून ते परत गेले, कुटुंबाला लंडनला पाठवलं. पाकिस्तानी नागरिकाला वर्षात एकदाच परदेशी जायची मुभा होती, तेव्हा स्वतः खुष्कीच्या मार्गानं अफगाणिस्तानात उतरले. १३ जून १९७१ ला तो लेख आला, मथळ्यात एकच शब्द: वंशसंहार. त्या लेखानं मी इतकी हादरले की युरोपातल्या राजधान्यांत आणि मॉस्कोत मी स्वतः बाजू मांडायला निघाले, असं इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्स यांना सांगितलं.

आता माझी कसोटी इथे लावून बघा. हत्याकांड कुणाला माहीत नव्हतं? पूर्व बंगालच्या लोकांना माहीत होतं, त्यांच्यावरच ते कोसळत होतं. भारताला माहीत होतं, कारण निर्वासितांचे लोंढे येत होते, वर्षअखेरीस ते एक कोटीच्या घरात गेले. ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीनं एप्रिलमध्येच स्वतःच्या सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला धाडली होती. माहीत नव्हतं ते फक्त लाहोर, कराची, रावळपिंडीच्या सामान्य माणसाला. सगळी सेन्सॉरशिप त्याच्यासाठी होती.

त्याचं पुढे काय झालं? १६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर शरणागतीवर सह्या झाल्या, त्र्याण्णव हजार युद्धकैदी झाले. पाकिस्तानी रेडिओनं काय सांगितलं, तर पूर्व आघाडीवर भारत आणि पाकिस्तानच्या स्थानिक सेनापतींमध्ये समझोता होऊन लढाई थांबली आहे. शरणागती हा शब्दच नाही. आदल्या दिवसापर्यंत विजयाच्या बातम्या ऐकणाऱ्या लोकांवर हे वाक्य कोसळलं तेव्हा ते रस्त्यावर उतरले, आणि २० डिसेंबरला लष्करशहा याह्या खान यांना सत्ता सोडावी लागली. त्या पराभवाची चौकशी करणाऱ्या हमुदुर रहमान आयोगाचा अहवालसुद्धा तिथल्या जनतेपासून जवळजवळ तीन दशकं लपवला गेला. २००० मध्ये त्याचा भाग भारतातल्या एका नियतकालिकात फुटला, तेव्हा कुठे त्यांच्या सरकारनं तो खुला केला.

हे वाचून छाती फुगवून घेणं सोपं आहे, म्हणून लगेच आपल्याकडे वळतो.

१९६२ मध्ये सुरुवात चांगली होती, हे आधी कबूल करायला हवं. लढाई चालू असतानाच नेहरूंनी संसदेचं अधिवेशन बोलावलं. अटलबिहारी वाजपेयींसारख्या विरोधकांची ती मागणी होती. ते गुप्त घ्यावं अशी सूचना आली तेव्हा नेहरूंनी ती नाकारली. हा प्रश्न साऱ्या देशाच्या जिव्हाळ्याचा आहे, चर्चा उघडच झाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शत्रू दारात असताना लोकसभेत सरकारचे वाभाडे निघाले आणि त्यानं देश बुडाला नाही.

पण आघाडीवर काय चाललं आहे ते लोकांना कळत नव्हतं, आणि त्याची किंमत आसामातल्या तेजपूरनं मोजली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमडिला ही आजच्या अरुणाचलमधली ठाणी पडल्यावर भरवशाची बातमी कुठूनच येईना. अफवांनी गाव उठलं. जिल्ह्याचा वरिष्ठ अधिकारीच निघून गेला, बँकेत नोटा जाळल्या गेल्या, ब्रह्मपुत्रेच्या घाटावर पळणाऱ्यांची रीघ लागली. चिनी सैन्य तेजपूरपर्यंत आलंच नाही. २१ नोव्हेंबरला त्यांनी एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. 'घबराट पसरेल' हे बातमी दाबण्याचं सगळ्यात जुनं कारण आहे. मी माझ्या नोकरीत ते असंख्य वेळा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी मला तेजपूर आठवलं. तिथली घबराट बातमी नसल्यामुळे झाली होती.

त्या युद्धामुळे लागू झालेल्या आणीबाणीत कोलकाता आणि आसामातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेले चांभार, सुतार, हॉटेलवाले, लहान मुलं. त्यांच्या बाजूनं बोलणारा आवाज त्या काळात जवळपास उमटलाच नाही. लोकांच्या मनात शत्रूचं चित्र एकदा पक्कं झालं की ते शेजारच्या घरावर जाऊन चिकटतं.

मग यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, हे आपण शाळेत ऐकलेलं वाक्य. पराभवाची कारणं शोधण्यासाठी हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी अहवाल तयार केला. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत त्याचा गोषवारा सांगितला. मूळ अहवाल मात्र देशहिताच्या कारणानं बाहेर आला नाही. त्या क्षणी, चीन सीमेवर उभा असताना, मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण २०१० मध्येही, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की अहवालातला मजकूर अजून संवेदनशील आहे आणि आजच्या लष्करी कामाशी त्याचा संबंध आहे. पुढे त्याचा मोठा भाग एका परदेशी पत्रकारानं इंटरनेटवर टाकला, तरी अधिकृतपणे तो आजवर गुप्तच. आपली फळी कुठे आणि कशी मोडली हे चीनला १९६२ मध्येच कळलं होतं. त्यांनीच ती मोडली होती.

याउलट कारगिल. लढाई २६ जुलै १९९९ ला संपली आणि तीन दिवसांत संरक्षणतज्ज्ञ के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. काही मजकूर वगळून तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला, पुस्तक म्हणून बाजारातही आला. गुप्तचर यंत्रणा कुठे चुकल्या, माहिती कुठे अडली, हे त्यात आहे. त्यातून सुधारणा झाल्या. त्या युद्धातही सरकारनं केबलवरून पाकिस्तान टीव्ही बंद करण्यासारखे निर्णय घेतले, जे मला अनाठायी वाटले. पण आपली माणसं किती गेली हे रोज सांगितलं जात होतं. अधिकृत आकडा ५२७. शवपेट्या गावोगाव आल्या, कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या रस्त्यांवर माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहिली. मी ती पानं लावली आहेत. लोकांचं मनोबल खचलं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले होते. अशा गावांना युद्धात मरण असतं हे दिल्लीनं किंवा मुंबईच्या स्टुडिओनं समजावून सांगण्याची गरज नाही. 'लोकांना सत्य झेपणार नाही' असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अशा गावात कधी गेलेला नसतो.

कायद्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत. युद्ध सुरू झालं की बोलण्याचं स्वातंत्र्य आपोआप संपतं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. राष्ट्रपतींनी युद्ध किंवा बाह्य आक्रमणाच्या कारणानं आणीबाणी जाहीर केली तरच घटनेच्या कलम ३५८ मुळे कलम १९ चं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण बाजूला पडतं. कारगिलमध्ये अशी आणीबाणी जाहीर झाली नव्हती, मे २०२५ मध्येही नाही. म्हणजे दोन्ही वेळी तुमचा प्रश्न विचारण्याचा हक्क पूर्ण शाबूत होता. कलम १९(२) मधली वाजवी बंधनं असतातच, ती शांततेतही असतात.

आणि जाहीर झालेली आणीबाणी किती दिवस टिकते ते बघा. चीनशी लढाई महिनाभराची, आणीबाणी मात्र २६ ऑक्टोबर १९६२ पासून १० जानेवारी १९६८ पर्यंत. १९७१ चं युद्ध दोन आठवड्यांचं, पण ३ डिसेंबरला लागू झालेली आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये. १९७५ ची अंतर्गत आणीबाणी लादली गेली तेव्हा ही जुनी आणीबाणी चालूच होती, हे कितीतरी शिकलेल्या माणसांना ठाऊक नसतं.

या लांबलेल्या काळात काय होतं याचं एक मराठी उदाहरण आहे आणि ते मी प्रत्येक नव्या उपसंपादकाला सांगत आलो. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट नेते आणीबाणीतल्या भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्याच परवानगीनं विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, नाव 'अणूच्या अंतरंगात'. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित पत्नीकडे छपाईसाठी पाठवू द्या असा अर्ज केला. महाराष्ट्र सरकारनं सहा महिन्यांनी उत्तर दिलं: नाही. मूलकणांवरचं मराठी पुस्तक! ते पेकिंगला, म्हणजे चीन सरकारला, कळलं असतं तर काय बिघडलं असतं? संझगिरी उच्च न्यायालयात जिंकले, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर १९६५ मध्ये, म्हणजे पाकिस्तानशी प्रत्यक्ष युद्ध पेटलेलं असताना, सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील फेटाळलं. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक बाहेर पाठवायला मनाई नाही, मग सरकार ती मनानं लादू शकत नाही, असा तो निकाल. ज्या अधिकाऱ्यानं त्या फाइलवर नकार लिहिला तो दुष्ट असेल असं मला वाटत नाही. युद्धकाळात 'नाही' म्हटल्याबद्दल कुणाची नोकरी जात नाही, 'हो' म्हटल्याबद्दल जाऊ शकते. बहुतेक सेन्सॉरशिप अशीच, भित्र्या सहीनं होते.

आता तुमचा मे २०२५. ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, १० मेला लढाई थांबली. मी निवृत्त आहे, पण ८ मेची रात्र मी टीव्हीसमोर जागून काढली. कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबादवर ताबा, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक, हे सगळं एका रात्रीत पडद्यावर आलं आणि यातलं काहीही झालेलं नव्हतं. पडद्यावर सतत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. शेवटी १० मेला गृहखात्याच्या नागरी संरक्षण विभागाला सांगावं लागलं की कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नका, लोक त्याला सरावले तर खऱ्या भोंग्याला कोण उठेल? चाळीतल्या जिन्याखाली बसलेल्या माणसाला या सूचनेचं मोल कळेल.

पलीकडेही तेच. फेब्रुवारी २०२४ पासून पाकिस्तानात बंद असलेलं 'एक्स' (पूर्वीचं ट्विटर) नेमकं ७ मेला खुलं झालं, कारण आता त्यांना जगाला काही सांगायचं होतं. दोन्ही बाजूंनी 'आर्मा ३' या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली. आपल्या सरकारनं 'एक्स'ला आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करायला सांगितल्याचं त्या कंपनीनंच जाहीर केलं. त्यांत खोटं पसरवणारी खाती असणारच. पण त्या रात्री इस्लामाबाद काबीज करणाऱ्या स्टुडिओंवर तशी कारवाई झाल्याचं मी पाहिलं नाही. उलट पुण्यात एका विद्यार्थिनीला दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. पोस्ट तिनं लगेच काढली होती, माफी मागितली होती, तरी कॉलेजनं काढून टाकलं. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला खडे बोल सुनावून तिची सुटका केली, परीक्षा देता यावी म्हणून. तिची पोस्ट मला पटली असती का, हा प्रश्नच गैरलागू आहे. देशाचं नुकसान कुणाच्या बोलण्यानं जास्त झालं, एका मुलीच्या की त्या रात्रीच्या पडद्याच्या, याचं उत्तर मी द्यायची गरज नाही.

विमानांचंही तसंच झालं. आपली काही विमानं पडली का, असं विचारणाऱ्याला तीन आठवडे गप्प केलं गेलं. ११ मेला हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत, लढाईत हानी होतेच, एवढं म्हणून पुढचं टाळलं. लढाई नुकतीच थांबली होती, ते मला योग्य वाटलं. मग ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना हानी मान्य केली, संख्या सांगितली नाही, आणि विमान पडलं यापेक्षा ते का पडलं हे महत्त्वाचं, चूक शोधून दोन दिवसांत सुधारली, असं सांगितलं. किती नेमकं, किती प्रौढ बोलणं! हे दिल्लीत, आपल्या भाषांत, आपल्या लोकांना आधी सांगायला काय हरकत होती? सैनिक खरं बोलायला कचरला नाही. त्याच्या नावानं ओरडणारे कचरले.

प्रचार ओळखण्याबद्दल. सगळाच प्रचार खोटा नसतो, म्हणून तो ओळखणं अवघड. मी डेस्कवर जे बघायचो ते सांगतो. पहिलं क्रियापद बघा. 'पाहिलं', 'सांगितलं', 'दावा केला', 'समजतं' ही चार वेगळी वजनं आहेत. 'समजतं' आलं की कुणीही पाहिलेलं नाही असं समजा. मथळ्याला प्रश्नचिन्ह असेल, 'कराची उद्ध्वस्त?' असं, तर छापणाऱ्याला स्वतःलाच खात्री नाही आणि तरी त्याला ते विकायचं आहे. मी माझ्या पानावर युद्धाच्या मथळ्याला प्रश्नचिन्ह लावू दिलं नाही. दुसरं, दोन्ही बाजूंना एकच शब्द वापरला आहे का ते पाहा. ते मागे हटले तर पळाले, आपण हटलो तर फेररचना केली, असं असेल तर बातमी नव्हे, बाजू वाचताय. तिसरं, आकडा गोल आणि लगेच आला असेल तर थांबा. खरे आकडे उशिरा येतात आणि ओबडधोबड असतात.

चित्रफितीचं सोपं आहे. तिची एक चौकट थांबवून गुगलच्या चित्रशोधात टाका, जुनी असेल तर अनेकदा दोन मिनिटांत सापडते. सावल्या, पाट्यांवरची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटी, झाडं बघा. आणि विशेषतः मन उचंबळून आलं असेल तेव्हा पुढे पाठवू नका. त्यासाठीच ती बनवलेली असते.

राहिला तुमचा सोसायटीचा ग्रुप. तिथे वाद घालून कुणाला हरवायला जाऊ नका, त्या लोकांबरोबर तुम्हाला लिफ्टनं जायचं आहे. ते देशावर प्रेम करतात आणि त्यांना भीती वाटत होती. तुम्ही विचारलेला 'कुठून कळलं?' हा प्रश्न बरोबरच होता, माझ्या वृत्तसंपादकानं मला पहिल्या दिवशी शिकवलेला तोच. पुढच्या वेळी त्याला जोड द्या: "भारतीय नौदलानं किंवा संरक्षण मंत्रालयानं सांगितलं आहे का? सांगितलं की मीच सगळ्यांना पाठवतो." मी माझ्या ग्रुपवर त्या रात्री दीड वाजता हेच लिहिलं. सकाळपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही. मग तळमजल्यावरच्या एका बाईंनी, ज्यांचा मुलगा नौदलात आहे, खाली एकच ओळ लिहिली: "थँक यू दादा, रात्रभर मी तीच बातमी खरी मानून जागी होते."